वणव्याला घरटी किती?

रुग्णालयाच्या दाराशी पोचल्यावरही बबनने लेकीला खांद्यावरून उतरवलं नाही. उतरवायला जागाच नव्हती. व्हरांड्यातल्या बाकांवर आजारी माणसं होती, बाकांच्या मधल्या फरशीवर त्यांचे नातेवाईक होते, आणि पायरीवर एक म्हातारा आपल्या सलाईनची बाटली आपल्याच हाताने उंच धरून बसला होता.

तेजल नऊ वर्षांची, चौथीतली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही.

"डॉक्टरसाहेब!" बबन ओरडला. "पोरीला दमा हाय. दरवर्षी हितंच ऑक्सिजन लावता तुमी. ओळखीची हाय ती!"

डॉ. कणसे बाहेर आले. तोंडावर दोन मास्क, वर काच, आतून फक्त लाल डोळे दिसत होते.

"ओळखतो रे तिला. पण पलंग नाही. एकही नाही."

"खाली चादर टाकतो. नळी तेवढी द्या."

"नळी येते तिथे पलंग आहे, बबन. आणि प्रत्येक पलंगावर माणूस आहे. कुणाच्या नाकातली काढू, सांग."

बबनने लेकीला खांद्यावर सावरून घेतलं. तो लाँच चालवतो, वाऱ्यापावसाशी भांडण्यात त्याचा जन्म गेलाय. पण या प्रश्नाशी कसं भांडायचं ते त्याला कळेना.

डॉक्टरांची नजर फाटकाशी गेली. तिथे रुग्णवाहिका नुकतीच येऊन थांबली होती. चालक टपावर हात टेकून पाणी पीत होता. "इंजिन बंद कर!" डॉक्टर तिथूनच ओरडले. "गाडीतला सिलिंडर भरलेला आहे ना? मग पोरीला गाडीत घे."

त्या दिवशी तेजलवर उपचार झाले ते उभ्या गाडीत, उघड्या दारांमध्ये, एप्रिलच्या उन्हात. बबन तिच्या पायाशी बसून टॉवेलने वारा घालत राहिला. हळूहळू शिट्टी बारीक झाली, मग थांबली. मी दाराशी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उजवा तळवा थोडासा वर केला.

तो आमचा अंगणातल्या वर्गातला करार होता. हजेरी घेताना ज्या दिवशी तिला दम लागलेला असे त्या दिवशी ती "हजर" म्हणत नसे. एवढाही श्वास खर्च करायचा नाही, तळवा वर करायचा. मी ओळखत असे.

परतताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, आज गाडी दारात होती म्हणून निभावलं. पुढच्या खेपेला ती रस्त्यावर असेल."

"मग आम्ही तिला साताऱ्याला नेऊ."

"घाट उतरेपर्यंत ती दम धरेल?"

मी फाटकातल्या गाडीकडे पाहिलं.

"आत पलंगांवर कोण आहेत, माहीत आहे? बहुतेक जलाशयापलीकडची, तुमच्याच काठची माणसं. तुमच्या काठाला दुसरं रुग्णालय नाही आणि माझ्याकडे दुसरे पलंग नाहीत. एवढ्या लहान मुलांना करोनाची लस नाही, मोठ्यांना आहे. मोठ्यांनी ती घेतली, तर आजारी पडली तरी बरीचशी घरीच बरी होतील. ती घरी बरी झाली तर इथे पलंग रिकामा राहील. या पोरीला मी याहून मोठं औषध देऊ शकत नाही. ते तुमच्याकडे आहे."

लाँच सुटली. पाण्यावर ऊन चमचमत होतं. तेजल बापाच्या मांडीवर झोपली होती. बबन सुकाणूवर एक हात ठेवून सारखा खाली बघत होता, ती श्वास घेते आहे ना म्हणून.

"गुर्जी," तो म्हणाला, "हिवाळ्यात पुन्हा येईल तिला. दरसाल येतो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

आमचं शेवरीतळ हे गाव कोयनेच्या जलाशयाच्या काठी. नकाशात शोधू नका. धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव खाली गेलं आणि माणसं वर सरकली. खालची वाडी काठाला, भातखाचरांच्या कडेने. वर पठारावर गवळीवाडा, तिथे ढेब्यांची घरं, म्हशी आणि वारा. मी तिशीत शिक्षक म्हणून इथे आलो, निवृत्त झालो आणि इथलाच राहिलो. करोनात शाळेला कुलूप लागलं तेव्हा मुलं शाळेला लागूनच असलेल्या माझ्या अंगणात येऊ लागली. जांभळीखाली प्रत्येकाला मी एकेक दगड नेमून दिला, दोन दगडांमध्ये म्हैस बसेल एवढं अंतर. मुलांनी आपापल्या दगडाला नावं ठेवली होती. तेजलच्या दगडाचं नाव होतं विमान.

शिकवण्याची माझी एक खोड आहे. मी उत्तर सांगत नाही. मूल काही म्हणालं की मी फक्त "मग?" म्हणतो. ते पुढे जातं, अडतं, पुन्हा मी "मग?" म्हणतो. काही मुलं या शब्दाने रडकुंडीला येत. गवळीवाड्याची राधी ढेबे तर एकदा पाटी आपटून म्हणाली होती, "गुर्जी, तुमास्नीच येत न्हाई वाटतं!" त्या दिवशी मी पोटभर हसलो होतो.

पावसाचा जोर ओसरला. भाद्रपदात निरोप आला की सिस्टर मुलाणी लस घेऊन लाँचने येणार, शाळेत टोचणार आणि दुपारच्या लाँचने परत जाणार. आदल्या संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. तोंडावर मास्क, काहींच्या हनुवटीवर.

कुरकुर पुष्कळ होती. सुईने ताप येतो, कापणी तोंडावर आहे. अमक्या गावी सुई घेतल्यावर कुणी गेलं म्हणे. वाड्यावरचे एक अण्णा म्हणाले, "आमी तर दवाखान्याची पायरीबी चढत न्हाई. मंग आमी कुणाची जागा अडवतोय?"

मी उभा राहिलो. या माणसांना काय कळतं आणि काय पटतं ते मला माहीत होतं असं मला वाटत होतं. मी म्हणालो, "लावणीला आपण पैरा करतो. आज तुम्ही माझ्या खाचरात वाकता, उद्या मी तुमच्या. ही लस म्हणजे पैराच. सुई तुमच्या दंडात, पण लावणी होते दुसऱ्याच्या रानात. बबनच्या तेजलला हिवाळ्यात पलंग लागणार. तो तुम्ही मोकळा ठेवायचा. उद्या तुमच्या घरात कुणाला लागेल, तेव्हा तो बाकीच्यांनी मोकळा ठेवलेला असेल."

एकेक मान हलू लागली. पैरा बुडवणाऱ्याला आमच्याकडे कुणी विस्तव देत नाही.

"आसं सरळ बोला की!" अण्णा म्हणाले. "पैरा म्हणल्यावर कोण न्हाई म्हणतंय? आमच्या घरचा गडी येईल."

घरी जाताना मी माझ्यावर फार खूश होतो.

सकाळी सिस्टर मुलाणी निळी पेटी मांडीवर धरून लाँचमधून उतरल्या. ठेंगण्या, कामाला वाघ, बोलायला तिखट. शाळेत टेबल मांडलं, खुर्ची पुसली. माणसं वेळेवर आली. रांग लागली, हातभर अंतर सोडून. मी रांगेकडे कौतुकाने पाहत होतो, आणि पाहता पाहता काहीतरी खटकू लागलं.

रांगेत एकही म्हातारं माणूस नव्हतं. एकही बाई नव्हती. सगळे तरणेबांड गडी, बाह्या दुमडून, दंड फुगवून उभे.

सिस्टरांनी पहिल्याला विचारलं, "घरातली बाकीची मंडळी कधी येणार?"

"बाकीची कशाला?" तो म्हणाला.

"कशाला म्हणजे? लस घ्यायला."

"मी आलो की. पैरा घरटी एक गडी आसतो."

सिस्टरांनी सुई तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मागचा गडी समजावणीच्या सुरात म्हणाला, "आन् पैऱ्याला म्हातारं माणूस धाडलं तर लोक नाव ठेवत्यात, सिस्टर. घरातला धडधाकट गडीच धाडावा लागतोय."

"वा गुरुजी," सिस्टर म्हणाल्या. "मला आज्या-आजोबा हवे होते. तुम्ही मला तालीम पाठवलीत."

तालमीला लस टोचली गेली. ती वायाही गेली नाही, तेही रुग्णालयात लोळतातच की. पण ज्यांना हा आजार पलंगावर आणतो ती माणसं घरोघरी निवांत बसली होती, आपला पैरा फिटला म्हणून. पेटीत बाटल्या शिल्लक होत्या. दुपारची लाँच बबनचीच, पण पलीकडे सिस्टरांना पुढच्या गावची जीप गाठायची होती.

"पुन्हा कधी याल?" मी विचारलं.

"या काठाला? सांगता येत नाही. गावं बरीच आहेत आणि मी एकटी." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "कोण ऐकवू शकेल यांना? सरपंच?"

"सरपंच मुंबईला असतात. भागाबाई ऐकवू शकेल."

भागाबाई ढेबे म्हणजे गवळीवाड्याची सगळ्यांत वडील बाई. तिचं घर पठाराच्या अगदी टोकाला. तिथून दिलेली हाळी वाड्यावर ऐकू येते आणि खाली काठालाही. म्हणून वणवा लागला की हाळी तिनेच द्यायची, असा कधीचा रिवाज. तिचा आवाज ऐकून माणसं ताटावरून उठतात.

मी काठी घेतली आणि चढ धरला. चारपाच मुलं आपोआप मागे आली, राधी सगळ्यांत पुढे. तेजलला चढ झेपत नाही. ती शाळेच्या पायरीवर बसून राहिली, सिस्टरांचा कापूस तुकडे करून रचत.

भागाबाई ओट्यावर ताक घुसळत होती. मला पाहून पदर सावरला, हाताने लांबची जागा दाखवली.

"बसा गुर्जी, तितंच बसा. आंतर ठिवून. मी नेम पाळते, बरं का."

"आजी, लस घ्यायला चला."

"आमचा नातू जाऊन आला की. ह्यो बगा, दंड धरून बसलाय वासरावानी. फिटला पैरा."

"आजी, पैरा मी म्हणालो, पण ते तसं नाही. प्रत्येकाने घ्यायची असते."

"आता बदलू नका. काल सांजंला देवळाम्होरं बोलला तुमी. सगळ्या वाड्यानं ऐकलंय. पैरा म्हंजे घरटी एक. दोन गडी दिले तर म्होरच्या साली दोन मागायचं का आमी? हिसाब बिघडतोय त्यानं."

"पण तुमच्यासारख्यांनाच जास्त धोका आहे."

"मला कसला धोका? माझी वाट सरली. तरण्यांनी घ्यावी."

मी पुष्कळ बोललो. फुप्फुसं, पलंग, नळी, सगळं सांगितलं. ती रवी फिरवत राहिली, "व्हय, व्हय" म्हणत राहिली. समजूत काढताना माणसाचा आवाज चढू लागला की समजावं, तो हरत आला आहे. माझा चढू लागला होता. खालून लाँचचा भोंगा झाला. बबनने उगीच वाजवला नसणार. वेळ सरत चालली होती.

राधी ओट्याच्या कडेला बसून पाय हलवत होती. ती मध्येच म्हणाली, "आजे, लावणीला घरटी एक. मंग वणव्याला घरटी किती?"

भागाबाईने रवी थांबवली नाही. "वणव्याला का माणसं मोजत्यात, येडे? वणव्याला सगळी."

"म्हातारीबी?"

"म्हातारी आदी! आग झोडायला फांदी हातात धरता येती तवर जायाचं. गेल्या खेपंला मी न्हवते का?"

"का पण? घरातला एक धडधाकट गडी दिला की झालं."

"आसं कसं झालं?" भागाबाईला आता राग येऊ लागला. "एवढी मोठी कड आसती गावाची. एका घरची जागा मोकळी राह्यली तर आग तितनंच आत शिरती. आन् आत शिरल्यावर ज्याच्या हातात फांदी व्हती त्याचंबी गवत जळतं आन् नव्हती त्याचंबी. भिवाच्या घरचं एकच मानूस आलं व्हतं त्या साली. कुणाचा गोठा गेला? भिवाचा न्हाई. माझा गेला!"

राधीने माझ्याकडे पाहिलं नाही. आजीकडेच पाहत ती अगदी हळू म्हणाली,

"मग?"

रवी थांबली.

चाळीस वर्षं मी तो शब्द मुलांवर फेकत आलो. कधी कुणी उचलून असा वापरेल, इतक्या नेमक्या ठिकाणी ठेवेल, हे मला सुचलं नव्हतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्या क्षणी शिक्षकाने बोलायचं नसतं.

भागाबाई खाली पाण्याकडे पाहत राहिली. तिथून शाळेचं छप्पर दिसतं, आणि पायरीवर बसलेली तेजल, लाल ठिपक्याएवढी.

"त्या बबनच्या पोरीला," ती म्हणाली, "धूर सोसत न्हाई, न्हवं?"

"नाही सोसत," मी म्हणालो. "थंडी आणि धूर."

"आन् तिला सुई न्हाई."

"तिच्या वयाला नाही."

"म्हंजे तिचं गवत मधीच हाय. भवतीनं समदी आमी."

ती उठली. हात पदराला पुसले, तोंडावरचा पदर सोडला. चालत टोकाच्या कातळावर गेली आणि दोन्ही तळवे तोंडाशी धरून तिने हाळी दिली. वणव्याची हाळी निराळी असते. आधी तुटक तुटक, कुत्र्याने भुंकावं तशी, आणि मग एक लांब, संपता संपेना अशी.

"आजी," मी गडबडलो, "ही वणव्याची दिलीत!"

"मंग काय लग्नाची दिऊ? तुमीच म्हणालासा ना, समद्यांनी यायचं? समदी येत्यात ती ह्याच हाळीला."

भाद्रपद महिना. गवत गुडघाभर, हिरवंगार, वरून पाणी ठिबकतंय. ओल्या रानाला वणवा लागेल कसा, हे विचारायला कुणी थांबलं नाही. दारं उघडली. माणसं धावत सुटली आणि धावता धावता हाताला येईल त्या झाडाची फांदी मोडून घेऊ लागली, कारण वणव्याला हिरव्या फांदीने झोडतात, मोकळ्या हाताने कुणी जात नाही. म्हातारे काठी टेकत, एका हातात ऐनाची डहाळी. सासवा, सुना, लुगडी खोचून. अण्णा तर कमरेला धोतर आणि हातात आख्खी जांभळीची फांदी, स्वतःपेक्षा मोठी.

"कुठं हाय? कुठं लागलाय?"

"शाळंत!" भागाबाई उतरता उतरता ओरडली. "चला शाळंत!"

खालच्या वाडीनेही हाळी ऐकली होती. आम्ही पोचलो तेव्हा शाळेचं पटांगण चालतं रान झालं होतं. पाऊणशे माणसं, सगळ्यांच्या हातात हिरव्या फांद्या, धापा टाकत छपराकडे बघतायत, धूर कुठे दिसत नाही. दारात सिस्टर मुलाणी उभ्या होत्या, सुई हातात, आणि मी त्यांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अवाक झालेलं पाहत होतो.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "ही माणसं मला मारायला आलीत का?"

भागाबाई गर्दीतून पुढे झाली. "तोंड झाका आदी समद्यांनी, पदर घ्या. आन् लांब लांब व्हा." मग म्हणाली, "वणवाच हाय. आसा दिसत न्हाई त्यो. पण कड राखायची तर समद्यांनी राखायची. घरटी एक न्हाई. ज्याला पटतंय त्यानं रांगंला लागा, ज्याला न्हाई पटत त्यानं फांदी ठिऊन घरी जावं. मी काय कुणाला धरून ठिवत न्हाई."

आणि ती स्वतः खुर्चीत जाऊन बसली. चोळीची बाही वर केली.

"म्हातारे, आदी तू?" अण्णा म्हणाले.

"मंग? वणव्याला म्होरं कोण आसतंय दरसाल? तू तर मागनं शिव्या देत येतोस."

पटांगण हसलं. त्या हसण्यात भीती बरीचशी निघून गेली. एकदोघं निघून गेले, तेही मी पाहिलं. बाकीचे रांगेला लागले. सिस्टरांनी प्रत्येकाला नाव, दुखणी विचारली, टोचलं, जांभळीखालच्या मुलांच्या दगडांवर थोडा वेळ बसवलं. अण्णा नेमके 'विमाना'वर बसले. तेजल त्यांच्यासमोर उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती.

"दुखलं का?" तिने विचारलं.

"हाड!" अण्णा म्हणाले. मग जरा वेळाने, "थोडं."

त्या दुपारी बबनने लाँच सोडलीच नाही. पेटी रिकामी झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या गावची जीप गेली असेल तर गेली, सिस्टर म्हणाल्या, आणि अंगणात बसून भाकरी खाल्ली. शाळेच्या भिंतीशी फांद्यांचा ढीग पडला होता. वाड्यावरच्या शेळ्या दोन दिवस त्यावर चरल्या.

मार्गशीर्षात दुसऱ्या डोसला हाळी द्यावी लागली नाही. तरीही माणसं येताना फांद्या घेऊन आली. का, ते मी विचारलं नाही.

पौषात पुन्हा साथ पसरली. मोबाईलवर शहरांच्या बातम्या येत होत्या. आमच्याकडेही ताप आला. खालच्या वाडीत आला, वाड्यावर आला. माणसं खोकू लागली. पण आता लोकांना काय करायचं ते ठाऊक होतं. ज्याला ताप, त्याने पडवीत निजायचं. ताट उंबऱ्यावर ठेवून हाक मारायची. भागाबाईलाही ताप भरला. ती गोठ्यात म्हशींशेजारी खाट टाकून पडली आणि तिथूनच सगळ्या वाड्यावर ओरडत राहिली, कुणाचा मास्क खाली आहे म्हणून. काही दिवसांनी उठून ताक करायला लागली. एकालाही पाणी ओलांडून न्यावं लागलं नाही.

आणि अशा एका सकाळी बबन माझ्या दारात उभा राहिला. तेजल त्याच्या खांद्यावर. तीच शिट्टी, तोच खळगा. रात्री कडाक्याची थंडी पडली होती आणि पलीकडच्या डोंगरावर वणवा अडवायला गवताच्या कडा जाळल्याचा धूर पाण्यावर बसून राहिला होता.

लाँचमध्ये तेजल माझा अंगठा धरून होती आणि प्रत्येक श्वासाला तो आवळत होती. बबनने इंजिन एवढं ताणलं की पत्रे थडथडत होते. तो समोरच पाहत होता. एकदाच म्हणाला, "गुर्जी, आज गाडी दारात नसली तर?"

फाटकात शिरलो. रुग्णवाहिका नव्हती.

बबनचे पाय थांबले. एप्रिलमध्ये गाडी उभी होती त्याच जागी. व्हरांड्याकडे बघायची त्याची हिंमत होईना. मी बघितलं. बाक रिकामे होते. एका बाकावर मांजर झोपलं होतं.

"बाहेर काय उभा आहेस?" आतून डॉ. कणसेंचा आवाज आला. "आत आण तिला!"

आत पलंगांची रांग होती. एकावर गव्याने शिंग मारलेला माणूस होता, मांडीला पट्टी. एकावर दुसऱ्या काठची एक आजी, नळी लावलेली, मिटल्या डोळ्यांनी. बाकीच्यांवर पांढऱ्या चादरी, सुरकुती नाही अशा. डॉक्टरांनी तेजलला पहिल्याच पलंगावर घेतलं. नळी, वाफ, दंडात सुई. सगळं एका दमात. मी भिंतीला टेकलो.

शिट्टी बारीक झाली. मग थांबली.

बबन पलंगाशी उभा होता. बऱ्याच वेळाने तो वळला आणि त्या रिकाम्या रांगेकडे पाहू लागला. मग चालत गेला, पहिल्या रिकाम्या पलंगाच्या दांडीवर हात ठेवला.

"ह्यो भागाआजीचा," तो म्हणाला.

पुढच्यावर हात ठेवला. "ह्यो अण्णाचा." पुढच्यावर. "ह्यो आमच्या सासूबाईंचा. ह्यो राधीच्या आजोबांचा." असा तो रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि तिथे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

डॉक्टर माझ्याजवळ आले. "काठावर ताप होता ना?"

"होता. घरोघरी."

"मला वाटलंच. मी रोज लाँचची वाट पाहत होतो," ते म्हणाले. "रिकामी यायची."

दोन दिवसांनी तेजलला घेऊन निघालो. हवा स्वच्छ होती, पाणी निवळ. लाँच मधोमध आली तेव्हा वरून हाळी आली. लांबच लांब, साधी, वणव्याची नव्हे.

"तेजलेऽऽऽ! आलीस का गंऽऽऽ?"

पठाराच्या टोकावर ठिपक्याएवढी भागाबाई दिसत होती. बबनने उत्तर द्यायला छाती भरली. तेजलने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

ती उभी राहिली. एका हाताने कठडा धरला. दुसरा हात, मला वाटलं, ती तळवा वर करेल. तिने तो तोंडाशी नेला, भागाबाई नेते तसा, आणि डोळे मिटून ओरडली,

"ओऽऽऽ!"

बारीक आवाज. पाण्यावरून गेला, कड्याला लागला. आम्ही इंजिन बंद करून ऐकत राहिलो. बबनने श्वास रोखला होता.

मग वरून उलट "ओ" आली. ती एकट्या भागाबाईची नव्हती. पठाराच्या सगळ्या कडेने माणसं उभी होती, म्हातारी आधी, आणि सगळीच ओरडत होती.